एका नंबरावरच्या एकेचाळीस मुली

परीक्षा अर्जांचे दिवस पुन्हा आलेत. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजून काढतंय आणि ऑफिसच्या खिडकीपुढची रांग जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत गेलीय. या दिवसांना एक वास असतो. प्रिंटरच्या तापलेल्या शाईचा, रांगेतच उघडलेल्या डब्यातल्या लोणच्याचा, आणि मागच्या गल्लीतून येणाऱ्या खळीचा, सूत ताठ करायला लावतात त्या. अर्ज ऑनलाइन झाले की रांग संपेल, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. रांग तेवढीच आहे. फक्त आता सगळ्यांच्या माना खाली आहेत, आपापल्या फोनमध्ये.

भिवंडीत कॉम्प्युटर सांभाळणं हे काम काही औरच आहे. इथल्या हवेतच कापूस असतो. वर्षभर तो डोळ्यांना दिसत नाही, पण दिवाळीआधी लॅबमधल्या मशीन उघडल्या की आतून पांढऱ्याशुभ्र गुंत्याचे गोळे निघतात. आमचे हेडक्लार्क भोईरभाऊ दर वर्षी तेच म्हणतात, "मॅडम, वातींसाठी कापूस इकत घेऊ नका. हितूनच न्या." भोईरभाऊ अंजूरचे. त्यांच्या घरच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे, पण बोलणं अजून शेतावरचंच आहे.

मी भूगोल शिकवते. नकाशांचा एक कॉम्प्युटर कोर्स मी कधीकाळी केला होता, तेवढ्या गुन्ह्यासाठी मला कॉलेजच्या माहिती तंत्रज्ञान समितीची प्रमुख करण्यात आलं. सर्व्हर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. काळं कपाट, त्यात हिरवे ठिपके लुकलुकत होते. त्यासाठी लेडीज कॉमन रूमशेजारची खोली रिकामी केली, एसी बसवला. सगळ्या कॉलेजात तो एकच एसी, त्यामुळे समितीच्या बैठकांना कधी नव्हे ती पूर्ण हजेरी लागू लागली. मराठीचे सर तर सदस्यही नव्हते, तरी येऊन बसायचे. मी मात्र त्या हिरव्या ठिपक्यांकडे बघत राहायचे. आपली सगळी मुलं, त्यांची नावं, जन्मतारखा, आयांची नावं, दहावीचे मार्क, हे सगळं त्या पेटीत आहे आणि पेटी गुणगुणतेय. मला खरंच भरून यायचं. अजूनही येतं. विनोद करते म्हणून कोणाला पटत नाही.

या पेटीची एक मोठी अडचण होती, वीज. आजूबाजूला माग चालू असले की व्होल्टेज वरखाली होतं, आणि सर्व्हरला ते सहन होत नाही. पण शुक्रवारी मागांना सुट्टी. सकाळपासून गल्ल्यांतली खटखट थांबते, दिवे एकदम स्वच्छ जळायला लागतात, पंखे जोरात फिरतात. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे कॉम्प्युटरची मोठी कामं शुक्रवारीच करतात. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या इंजिनियरला मी हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला. दोन वेळा सर्व्हर बंद पडल्यावर तोही शुक्रवारीच यायला लागला.

गेल्या वर्षीचा तो शुक्रवार असाच होता. अर्ज विद्यापीठाकडे पाठवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. सकाळी नऊ वाजता मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले. सगळे अर्ज तयार होते, पण गठ्ठा पुढे सरकेना. स्क्रीनवर आधी कधी न दिसलेली लाल पट्टी आली होती. एकाच मोबाइल नंबरावर अनेक विद्यार्थी आहेत, त्या दुबार नोंदी आहेत, त्या एकत्र केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा तिचा एकूण अर्थ. खाली बटण होतं. मला वाटलं, कोणीतरी घाईघाईत पुन्हा पुन्हा अर्ज भरला असेल. मुलं भरतात तसे. मी बटण दाबलं. पट्टी हिरवी झाली. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

चहा यायच्या आत तबस्सुम आली. टीवाय बी.कॉम.ची, कामतघरची, हुशार आणि जराशी फटकळ मुलगी. तिने आपला फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, माझ्या लॉगिनमधे हे नाव कसं काय येतंय?"

नाव होतं हमीदा. वर्ग, एसवाय बी.ए. प्रवेशाचं वर्ष, बारा वर्षांपूर्वीचं.

तोवर मागे प्रज्ञा येऊन उभी राहिली होती. तिच्या फोनवरही हमीदा. मग अजून दोघी. मी त्या पट्टीचा तपशील उघडून बघितला. एकेचाळीस नोंदी मूळ नोंदीत विलीन केल्या, असं तिथे लिहिलं होतं. एकेचाळीस मुली एका बटणासरशी एक बाई झाल्या होत्या.

कंपनीला फोन लावला. तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. "डेटा परत येईल मॅडम, काळजी करू नका," पलीकडचा आवाज फार गोड होता. "आठ कामाचे दिवस." मी घड्याळ बघितलं. दहा वाजत होते. माझ्याकडे सात तास होते, आणि त्या सात तासांत अर्ज गेले नाहीत तर एकेचाळीस मुलींचं सत्र जाणार होतं. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना घरून पुन्हा पुढच्या सत्राला पाठवतील याची खात्री मला देता आली नसती.

"हमीदा कोण?" मी विचारलं.

"खाला," तबस्सुम आणि प्रज्ञा एकदम म्हणाल्या. तबस्सुमची ती खरीच खाला, आईची धाकटी बहीण. प्रज्ञाची ती खाला झाली होती कारण त्या गल्लीत सगळ्यांचीच ती खाला आहे. नंबर तिचा होता. तीन वर्षं कामतघरच्या तीन गल्ल्यांतल्या प्रत्येक मुलीने अर्जावर तिचाच नंबर लिहिला होता, कारण मुलीचा नंबर ऑफिसात, पोर्टलवर, कुठेही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा घराघरात नियम होता. मुस्लिम घरांत होता तसा बौद्ध घरांतही होता. अर्ज भरताना पोर्टल जो कोड पाठवतं, तो यायचा खालाच्या फोनवर. ती ओळखायची हा कोणाचा, आणि ज्या मुलीचा असेल तिला सांगायची. एकीचा दुसरीला कधी गेला नाही.

हे मला समजायला हवं होतं. मीही इथल्याच, खारबाव गावची. माझ्या कॉलेजच्या अर्जावर फोनच्या रकान्यात शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर होता आणि पुढे कंसात पी. पी., म्हणजे निरोप पोचवणाऱ्याचा फोन, असं लिहिलेलं होतं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीचा निरोप त्याच फोनवर आला. दुकानदाराची बायको भर दुपारी, दुकान तसंच टाकून, चपला न घालता आमच्या दारात आली होती. ती झोपली असती तर मी आज कुठे असते देव जाणे. आणि तीच मी, बावीस वर्षांनी, एका नंबरावर अनेक माणसं असू शकतात हे विसरून बटण दाबून मोकळी झाले होते. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी नीट कळलं.

ते वर्ष बिनकागदाचं पहिलं वर्ष होतं. अर्जाचा एकही कागद कॉलेजात नव्हता. मी भोईरभाऊंकडे गेले तेव्हा खरं म्हणजे फक्त रडायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, कपाट उघडलं आणि खालच्या खणातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जनरल रजिस्टर काढलं. प्राचार्यांनी दोन वर्षांपूर्वीच ते बंद करायला सांगितलं होतं.

"बंद केलं व्हतं ना?" मी विचारलं. घाबरले की माझीही गावाकडची बोली बाहेर येते.

"हापिसच्या येळेत बंदच असतंय," ते म्हणाले. "जेवायच्या सुट्टीत लिवतो."

एकेचाळीस जणींची नावं त्यात होती. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, जन्मतारखेसकट. पण विषय नव्हते. कोणी कोणता पेपर घेतला, कोणाचा मागचा राहिला आहे, हे रजिस्टरात नसतं. ते पेटीत होतं, आणि पेटीने ते गिळलं होतं. तबस्सुम म्हणाली, "खालाला इचारा. फॉर्म भरताना तीच बसलेली असते बाजूला."

तबस्सुमला बरोबर घेऊन कामतघरला रिक्षाने पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. माग बंद असल्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आणि कोणाच्या तरी दारातला भांडी घासण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. खाला अंगणात कपडे धूत होती. मी समजत होते कोणी म्हातारी असेल. ती असेल एकतीस-बत्तीसची, कमरेला ओढणी खोचलेली, हाताला सुताचे बारीक चरे. एरवी ती घरात मागासाठी कांड्यांवर सूत भरते. मी काय केलं ते मी तिला सांगितलं. तिने पिळलेली चादर तारेवर टाकली.

"लिवून घ्या," ती म्हणाली.

आणि ती बोलायला लागली. कपडे धूत धूतच, माझ्याकडे न बघता. "तबस्सुम. अकाउंट, इकॉनॉमिक्स, एक्सपोर्टचा पेपर. आधी जाहिरातीचा घेतलेला, मंग बदलला, त्याचा येगळा कोड आल्ता. प्रज्ञा. एसवायचा इतिहास राहिलाय तिचा, त्यो पण फॉर्म हाय. नसरीन, डावखुरी ती, तिला सायकॉलॉजी." गल्लीतल्या घरांच्या क्रमाने ती निघाली होती. एक घर झालं की दुसरं. मधेच थांबून म्हणायची, "न्हाय, थांबा, त्या घरात दोघी हायेत." मी लिहीत होते. बोटं दुखायला लागली. मी बावीस वर्षं हजेरी घेतेय आणि माझ्या वर्गातली निम्मी नावंही मला वहीशिवाय येत नाहीत. ही बाई तीन वर्षांचे एकेचाळीस अर्ज तोंडपाठ सांगत होती, आणि आपण काही विशेष करतोय याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण हातात पेन होतं आणि वेळ नव्हता.

नंतर आम्ही तिची यादी भोईरभाऊंच्या रजिस्टराशी ताडून बघितली. जन्मतारखाही तिने सांगितल्या होत्या. चाळीस जुळल्या. एक जुळेना. भोईरभाऊंनी दहावीचं सर्टिफिकेट मागवून बघितलं. चूक रजिस्टरात होती. त्यांनी लाल पेनाने दुरुस्ती केली, खाली सही केली, आणि मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसले.

पण ते नंतर. आधी नंबर. पेटी नवी नोंद घ्यायला तयार होती, पण एका नंबरावर एकच. एकेचाळीस मुलींना एकेचाळीस नंबर हवे होते. फोन बहुतेक जणींकडे होते, नंबर सांगायची परवानगी नव्हती. हा प्रश्न मी कॉलेजातून कितीही नोटिसा काढल्या असत्या तरी सुटला नसता. तो शुक्रवार होता म्हणून सुटला. पुरुषमाणसं घरी होती. जुम्म्याची नमाज पढून लोक परतले तसे खालाने हात पुसले आणि ती दारोदार निघाली. मी मागे वही घेऊन.

बहुतेक घरांत ती उंबऱ्यातूनच बोलली आणि नंबर मिळाला. प्रज्ञाच्या वडिलांनी तर दोन दिले, मुलीचाही आणि आपलाही, म्हणाले, "कुठलाबी लावा, पन पोरीचा पेपर चुकवू नका." अडलं ते तबस्सुमच्याच घरी. तिचे वडील आठ मागांचे मालक, बोलायला भारदस्त. त्यांनी मला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि नंबर द्यायला नकार दिला.

"मॅडम, तुमच्यावर भरोसा हाय. पन नंबर एकदा बाहेर गेला की कोन कोन फोन करतं, तुमाला म्हाईत हाय का?"

मी काही बोलणार तेवढ्यात खाला म्हणाली, "दुल्हाभाई, माझा नंबर तीन वर्सं एकेचाळीस फॉर्मांवर हाय. मला कोनी पळवून न्हेली का?"

आधी आतून हसू आलं, तिच्या बहिणीचं. मग तबस्सुमचं. शेवटी वडिलांनाही हसू आवरेना. "लिवा," ते म्हणाले आणि लेकीकडे हात केला.

साडेतीनला आम्ही कॉलेजात परतलो तेव्हा रिक्षांची रांगच लागली. मुली आल्या, काहींच्या आया आल्या, खाला आली. भोईरभाऊ, मी, लॅबचा सहायक आणि मराठीचे सर, ज्यांच्यावर त्या एसीचं काहीतरी ऋण होतंच, असे चौघे टाइप करायला बसलो. दिवे अजिबात न थरथरता जळत होते. चार वाजून वीस मिनिटांनी शेवटची नोंद झाली आणि मी सगळ्यांना एकदम कोड पाठवला.

तो आवाज मी विसरणार नाही. बाहेर पटांगणात मुली उभ्या होत्या. एक फोन वाजला, मग दुसरा, मग चिमण्यांसारखे सगळीकडून वाजायलाच लागले. प्रत्येक मुलगी आपापल्या फोनकडे बघत होती. मधोमध खाला उभी होती, तिच्या हातातला फोन तेवढा गप्प होता. इतकी वर्षं मी या सगळ्याला सॉफ्टवेअर, डेटा, नोंद असल्या कोरड्या नावांनी ओळखत होते. ते असं उन्हात उभं राहून वाजतं, हे मला माहीत नव्हतं.

पावणेपाचला सगळे अर्ज विद्यापीठाकडे गेले.

सगळे गेल्यावर मी यादी पुन्हा तपासली. एक नोंद जास्त होती. हमीदा, एसवाय बी.ए., स्थिती, चालू. जुनी रजिस्टरं पेटीत भरताना कोणीतरी तिचीही नोंद नंबरासकट भरली होती, आणि सर्वात जुनी म्हणून यंत्राने तिलाच मूळ मानलं होतं. ही नोंद काढून टाकावी म्हणून मी भोईरभाऊंना विचारलं. त्यांनी बारा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं, पान उलटलं, बोट ठेवलं. एफवाय पास. एसवायला प्रवेश. पुढे कॉलेज सोडल्याची तारीख आणि कारण, दोन्ही रकाने कोरे.

"दाखला न्हेलेला न्हाय," ते म्हणाले. "दाखला न्हेल्याबिगर आपन नाव कापत न्हाय. म्हंजे ती अजून आपलीच हाय."

मी ती नोंद तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला सांगितलं. आई अंथरुणाला खिळली म्हणून ती त्या वर्षी यायची थांबली होती, मग राहूनच गेलं. ती नुसती हसली, कांडी लावली, यंत्र सुरू केलं. मी परत गेले. तिसऱ्यांदा तबस्सुमला घेऊन गेले. भोईरभाऊंनी विद्यापीठाला चार पत्रं लिहिली, चौथ्याला उत्तर आलं. जूनमध्ये हमीदा एसवायच्या वर्गात बसली. शुक्रवार घरच्या धुण्याचा, तेवढा सोडून रोज सकाळी येते, तीन तास बसते, मग घरी जाऊन कांड्या भरते. माझ्या तासाला पुढच्या बाकावर असते. नद्यांची नावं तिला एकदा सांगितली की पुरतात.

आणि काल तिचा अर्ज भरायचा होता. मी तिला सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेले, एसीत बसवलं, सगळं स्क्रीनवर उघडून दिलं. विषय तिने स्वतः निवडले. मी कोड पाठवायचं बटण दाबलं. तिच्या मांडीवरचा फोन वाजला. सवयीने तिने तो उचलला, मान वर केली आणि विचारलं, "कोनाचा हाय हा?"

"तुमचाच," मी म्हटलं.

तिने मेसेज शेवटपर्यंत वाचला. मी कीबोर्ड पुढे ओढला, बोटं टेकवली, आणि म्हटलं, "सांगा खाला."

तिने फोन ओढणीआड धरला. "कोनाला सांगायचा न्हाय मॅडम, मेसेजच्या खाली लिवलंय ना," ती म्हणाली, आणि कीबोर्ड आपल्याकडे घेऊन एकेक आकडा शोधत स्वतःच टाकला.